पाहुण्यांसाठी लिंपलेली भिंत

गाडी कालव्याच्या पुलावर चढली तशी सर्सेनबायने सवयीने खिडकीची काच खाली केली. सत्तावीस वर्षे तो बोझकला किल्ल्याचा राखणदार होता, आणि नुकूस शहरातून परतताना किल्ल्याची पश्चिमेची भिंत या पुलावरूनच पहिल्यांदा दिसते. ती उभी दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. आजही भिंत उभी होती, पण ती त्याची भिंत वाटेना. परवा तो निघाला तेव्हा तिच्या खपल्या निघालेल्या होत्या, पायथा उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखा आत गेला होता आणि जागोजागी माणसाचा हात जाईल एवढ्या भेगा होत्या. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे गुळगुळीत दिसत होते. ताज्या लिंपणाचा ओला रंग सकाळच्या उन्हात चमकत होता.

“थांबव गाडी,” तो म्हणाला.

“आगा, तुमचं घर पुढं आहे की अजून,” ड्रायव्हर म्हणाला.

“थांबव म्हणतो ना!”

कागदांची पिशवी बगलेत मारून तो कापूस वेचून झालेल्या शेतातून तसाच धावत सुटला. एकसष्ट वर्षांचा माणूस धावतो तसा, म्हणजे थोडे धावत आणि थोडे शिव्या घालत.

पिशवीत किल्ल्याचा जुना मोजणी नकाशा होता, शिक्क्यासकट. त्या शिक्क्यासाठी त्याने नुकूसमध्ये दोन दिवस कचेरीच्या खिडक्या पालथ्या घातल्या होत्या. पहिली खिडकी म्हणाली, नकाशा इथे आहे पण शिक्का वरच्या मजल्यावर. वरचा मजला म्हणाला, शिक्का आहे पण मारणारे साहेब जेवायला गेलेत. साहेब जेवून आले ते दुसऱ्या दिवशी. हा नकाशा नसेल तर समिती बोझकल्याला गाडीतून खालीसुद्धा उतरणार नाही, असे कळवलेले होते. ताश्कंदची समिती. ती आज दहा वाजता यायची होती. कोसळायच्या बेताला आलेल्या किल्ल्यांची यादी आज पुरी व्हायची होती. यादीत नाव आले तर वसंताच्या आत पायथ्याची दुरुस्ती आणि पाणी अडवणारा खोल चर. नाही आले तर पुढची यादी चार वर्षांनी. ती भिंत चार वर्षे थांबणार नव्हती. अजून दोन हिवाळे काढले तरी खूप झाले, हे सर्सेनबाय भाकरीवर हात ठेवून सांगायला तयार होता.

कारण भिंतीला लोणा लागला होता. हिवाळा सरताना आमच्याकडे शेतांत पाणी तुंबवून ठेवतात, जमिनीतले मीठ धुऊन निघावे म्हणून. शेतातले मीठ निघते खरे, पण जाईल कुठे? ते पाण्याबरोबर भिंतीत चढते, उन्हाने फुलते आणि दोन हजार वर्षांच्या कच्च्या विटेचे आतल्या आत पीठ करते. पूर्वेच्या दरवाजाला मागे एका ठेकेदाराने सिमेंटचा अंगरखा चढवला होता. तीन हिवाळ्यांत तो अंगरखा खाली आला, आणि येताना जुनी कातडीही घेऊन आला. तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षे, सर्सेनबाय पत्रे लिहीत होता. प्रत्येक पत्राला उत्तर यायचे की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

भिंतीपाशी चार-पाच बायका डेगीतल्या पाण्यात हात धूत होत्या. मध्ये त्याची बायको तझागुल उभी होती, कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, आणि तोंडभर हसू.

“आलात? अहो, बघा तरी!”

सर्सेनबायला दम लागला होता. “हे कुणी केलं?”

“कुणी म्हणजे? अख्ख्या गावानं. घरटी एक माणूस आलं. काल पहाटेपासून गारा कालवला, भुसा घातला, दिवेलागणीला शेवटचा हात फिरवला. आता फक्त खालची कड राहिली होती, ती उरकली.”

“मला विचारलं का कुणी?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात. तुम्हाला कधी कुणाचं काम पसंत पडलंय?” ती म्हणाली आणि बाकीच्या बायका खुदखुदल्या.

“काल फोनवर विचारलं होतं तुला. भिंत कशी आहे म्हणून. काय म्हणालीस?”

“म्हणाले, बरी आहे. मग? नाहीये का बरी?”

तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून त्याला ओरडताही येईना. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटले की आधी घर लिंपतात. लेकीला बघायला येणार असोत, दवाखान्यातून म्हातारा घरी यायचा असो, नाहीतर तालुक्याचा साहेब फक्त पाणी प्यायला थांबणार असो, भिंतीवर मातीचा ताजा हात फिरलाच पाहिजे. भेगाळलेल्या भिंतीसमोर पाहुण्याला बसवणे म्हणजे त्याला शिळी भाकरी वाढणे. आणि हा तर ताश्कंदचा पाहुणा. सर्सेनबाय अकरा वर्षे पारावर, लग्नात, मयतात एकच रडगाणे गात होता की या भिंतीची कुणाला पडलेली नाही. गावाने शेवटी मनावर घेतले, आणि नेमके आजच घेतले.

“माती कुठली आणलीत?”

“कालव्याकाठची. जवळ पडते ना.”

त्याने ओल्या लिंपणाला बोट लावले आणि बोट जिभेवर ठेवले. खारट. त्याने डोके धरले आणि मटकन खाली बसला.

“अगं बाई, मी त्या माणसांना भेगाच दाखवायला बोलावलंय! अकरा वर्षं नाक घासून बोलावलंय. डॉक्टर घरी यायचा, आणि तुम्ही आजाऱ्याला गालाला लाली लावून, नवा झगा चढवून बसवलाय. आता तो काय बघणार? माझं थोबाड?”

बायकांचे हसू मावळले. तेवढ्यात काठी टेकत बाईमुरात अक्साकाल आला. पांढऱ्या दाढीचा, पंच्याऐंशीचा, गावात ज्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही असा एकच माणूस. सगळ्या गावाने मिळून काम उरकायच्या या इर्जिकेची हाक त्यानेच दिली होती.

“काय आरडाओरडा लावलायस?” तो म्हणाला. “बायकांनी काल दिवसभर पाठ मोडली. शाबासकी राहिली, वर तोंडसुख घेतोस?”

“आगा, तुमच्या पाया पडतो. भेगा दिसल्या नाहीत तर भिंत यादीत जाणार नाही.”

“दिसल्या पाहिजेत कशाला? तोंड आहे ना तुला? सांग त्यांना. बोझकल्याच्या माणसाचा शब्द त्यांना पुरेसा आहे.”

“त्यांना शब्द नको असतो हो. डोळ्यांनी दिसलेलं लागतं. तसा नियम आहे.”

“पाहुण्याला घरातलं फाटकं दाखवावं, असा नियम माझ्या बापानं मला शिकवला नाही.”

सर्सेनबायने शेजारी पडलेले फावडे उचलले. म्हातारा काठी आडवी धरून भिंतीसमोर उभा राहिला.

“तेरा बायकांचे हात लागलेत या लिंपणाला. त्यांच्या डोळ्यांदेखत पाडणार असशील तर पाड. पण मग उद्या तुझ्या घरचं छप्पर बसलं तर एकटाच उचल. हाक मारू नकोस.”

“आगा, बाजूला व्हा,” तझागुल म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “पाडू द्या त्यांना. माझ्याच हातचं आहे निम्मं.” आणि ती हात तसेच पुढे धरून उभी राहिली. थंड चिखलाने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. एका चिरेतून रक्त आले होते आणि वर मातीने बसले होते.

सर्सेनबायने फावडे टाकून दिले. आपल्याला रडू येईल की काय, असे त्याला वाटले, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला.

दहा वाजले, बारा वाजले. समिती आली अडीच वाजता. वाटेत तालुक्याच्या ठिकाणी त्यांचे जेवण झाले होते, आणि तिथल्या साहेबांनी त्यांना सोडलेच नव्हते. दोन गाड्यांतून पाच जण उतरले. पुढे समितीचे प्रमुख शोकिरोव, पोट सुटलेले, चष्म्याआडचे डोळे जागरणाने लाल, आणि वागायला अगदी गोड. माणूस वाईट असता तर सर्सेनबायला भांडता तरी आले असते. मागे हातात कागद अडकवायची पाटी आणि गळ्यात कॅमेरा घेतलेली एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, मुहाय्यो तिचे नाव. सगळे कागद तीच लिहीत होती.

“साहेब, आधी भिंत बघू या,” सर्सेनबाय पुढे झाला. “आठ मिनिटांचं काम आहे. नकाशा आणलाय, शिक्क्यासकट.”

“वा! शिक्क्यासकट!” शोकिरोव म्हणाले. “बघू या की. त्यासाठीच आलोय.”

“भिंत कुठं पळून चाललीय?” बाईमुरात अक्साकालने मध्येच शोकिरोवांचा हात दोन्ही हातांत धरला. “माणसं लांबून आलीत. चहा घेतल्याशिवाय आमच्या उंबऱ्यावरून कुणी जात नाही.”

आमच्याकडे चहा म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. अक्साकालच्या घरी चटई अंथरलेली होती. भाकऱ्या मोडून झाल्या, दही आले, खारवलेला मासा आला, मग मटणाचा वाफाळता थाळा आला. शोकिरोवांनी पोटावर हात ठेवून दयेची याचना केली. त्यांच्यापुढे मेंढीच्या शेपटाची चरबी वाढण्यात आली. पाहुणे दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी. सर्सेनबाय दाराशी बसून खिडकीतले ऊन मोजत होता. ऊन चटईवरून शेगडीवर गेले, शेगडीवरून भिंतीवर चढले.

शेवटी त्याला राहवेना. “साहेब,” तो दारातूनच म्हणाला, “तीन वर्षांमागे एका उंटवाल्यानं दरवाजाच्या विटेवर आपलं नाव कोरलं. तीन अक्षरं. आठव्या दिवशी ताश्कंदहून गाडी आली! दोन साहेब उतरले, अक्षरं किती खोल गेलीत ते पट्टीनं मोजलं, आणि महिन्याच्या आत वीट दुरुस्त झाली. आणि इथं शंभर पावलं भिंत आतनं पोकळ झालीय, तर अकरा वर्षं नुसती नोंद घेतली जातेय. हा काय न्याय झाला?”

अक्साकालने डोळे वटारले. पाहुण्याच्या तोंडात घास असताना तक्रार!

पण शोकिरोव रागावले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. “आगा, ते नुकसान होतं. नुकसानीचा कायदा वेगळा. कुणी वास्तूला धक्का लावला की पंचनामा होतो, तो थेट ताश्कंदला जातो, आणि नव्वद दिवसांत दुरुस्ती करावीच लागते. माझ्या हातात ते थांबवणंही नाही. तुमची ती झीज. झिजेला अर्ज, अर्जाला समिती, समितीला यादी.”

“म्हणजे माणसानं खाल्लं तर गुन्हा, आणि मिठानं खाल्लं तर नशीब?”

“असंच काहीसं,” शोकिरोव हसले. “मिठाला कुठं अटक करणार?”

सगळे हसले. सर्सेनबाय हसला नाही.

भिंतीपाशी पोचायला चार वाजून गेले. सूर्य तिरपा आला होता आणि ती तिरीप नव्या लिंपणावर अशी काही पडली होती की सर्सेनबायलासुद्धा कबूल करावे लागले, भिंत देखणी दिसत होती. मागे गाव जमले होते. बायकांनी नवे रुमाल बांधले होते. तझागुल सगळ्यांत मागे उभी होती.

शोकिरोव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. “आम्ही काल चार किल्ले पाहिले,” ते गावाकडे वळून म्हणाले. “एकात शेळ्या बांधल्या होत्या. एकाच्या विटा लोकांनी गोठ्याला नेल्या होत्या. आणि इथं? स्वतःच्या हातांनी लिंपताय तुम्ही! असं गाव मी पाहिलं नाही.”

बायकांत कुजबुज झाली. अक्साकालने सर्सेनबायकडे बघून भुवई उडवली, ‘बघ, उगाच आकांडतांडव करत होतास’, अशा अर्थाची.

“साहेब, हे कालचं आहे,” सर्सेनबाय म्हणाला. “याच्या खाली भेगा आहेत. पायथा पोकळ आहे. हे फोटो बघा, मागच्या महिन्यातले.”

शोकिरोवांनी त्याच्या मोबाइलवरचे फोटो खरोखर बघितले, एकेक करून. “भयंकर,” ते म्हणाले. “आणि आता भरलंय ना?”

“भरलंय म्हणजे चिखल कोंबलाय! खारा चिखल! हिवाळा सरला की लिंपणासकट भिंत खाली येईल.”

“आगा, मी जे बघतो तेच लिहू शकतो. मला समोर भेग दिसत नाही. तुमच्या शब्दावर भेग लिहिली, तर उद्या कुणीही उठेल आणि चांगल्या भिंतीवर भेग लिहून घेईल.” मग ते मुलीकडे वळले. “मुहाय्यो, लिही. पश्चिम भिंत सुस्थितीत. आपत्कालीन यादीत समावेशाची गरज नाही.”

मुहाय्यो भिंतीशी वाकली होती. तिने बोटाच्या पेराने लिंपण ठोकले, मग एक पाऊल सरकून परत ठोकले. “सर, इथं आवाज वेगळा येतोय.”

“मुहाय्यो, अजून दोन किल्ले बाकी आहेत. आवाजाचा रकाना नाहीये.”

मग त्यांनी गाडीतून एक सोनेरी कडेचा कागद मागवला. कोरे मानपत्र असावे, नाव घालायचे तेवढे बाकी. तिथेच गाडीच्या टपावर ठेवून त्यावर सर्सेनबायचे नाव घातले गेले. ऐतिहासिक वास्तूच्या आदर्श देखभालीबद्दल. शोकिरोवांनी ते दोन्ही हातांनी पुढे केले, गावाने टाळ्या वाजवल्या आणि मुहाय्योने फोटो काढला. फोटोत सर्सेनबायच्या मागे भिंत आली होती, एकदम ठणठणीत.

सर्सेनबाय मानपत्र हातात घेऊन उभा राहिला. अकरा वर्षे. एकोणचाळीस पत्रे. दोन दिवस खिडक्या. आणि हे बक्षीस. भिंतीच्या मरणाच्या दाखल्यावर त्याच्या नावाचा सोनेरी शिक्का बसला होता. मानपत्र चुरगळून फेकावे असे त्याला वाटले, पण त्याने ते नीट घडी करून खिशात ठेवले. मग तो वळला, सकाळी टाकलेले फावडे उचलले आणि काय करतोय ते स्वतःला कळायच्या आत भिंतीवर घातले.

लिंपण एका घावात सुटले. दाराएवढा पोपडा खाली आला, त्यामागून आत कोंबलेला गारा, भुसा आणि पांढरे पीठ भसाभसा गळू लागले, आणि ते गळायचे थांबेना. धूळ बसली तेव्हा आत काळोखी भेग दिसली, वरपासून खालपर्यंत.

“अरे, सर्सेनबाय!” अक्साकाल ओरडला.

शोकिरोवांचा गोडवा क्षणात उतरला. “वेड लागलं काय तुम्हाला? संरक्षित वास्तू आहे ही! राखणदार असून तुम्हीच फोडता? समितीच्या डोळ्यांसमोर?” त्यांना आता खरेच धाप लागली होती. “मला डोळे मिटता येणार नाहीत, आगा. पाचजण बघतायत. मुहाय्यो, तांबडा फॉर्म काढ. नुकसानीचा पंचनामा.”

मुहाय्योने पाटीखालून तांबड्या कडेचा कागद काढला. सर्सेनबाय फावडे धरून तसाच उभा होता. तो त्या कागदाकडे बघत राहिला, आणि शोकिरोवांनी चटईवर बसून सांगितलेला शब्द न् शब्द त्याला आठवला. पंचनामा. थेट ताश्कंद. नव्वद दिवस.

“लिही पोरी,” तो एकदम शांतपणे म्हणाला. “नीट लिही. रुंदी चार बोटं. खोली? हात घालून बघ. घाबरू नकोस, घाल.”

मुलीने बाही वर केली आणि हात घातला. कोपर आत गेले, मग खांदा भिंतीला टेकला. तिने हात बाहेर काढला तेव्हा तो बोटांपासून काखेपर्यंत पांढरा झाला होता.

“बासष्ट सेंटिमीटर,” ती पट्टीने आपला हात मोजून म्हणाली. तिने शोकिरोवांकडे पाहिले. शोकिरोव त्या पांढऱ्या हाताकडे बघत होते.

“फोटो काढ,” सर्सेनबाय म्हणाला. “तांबड्या फॉर्मला फोटो लागतो ना?”

“लागतो, बाबा.”

त्याने पुढचा घाव घालायला फावडे उचलले, तर कुणीतरी दांडा धरला. तझागुल होती. तिचा चेहरा उतरला होता. तिने फावडे त्याच्या हातातून काढून घेतले आणि त्याला वाटले, आता ही भिंतीसमोर आडवी उभी राहणार, आणि मग आपल्याला काही जमणार नाही.

“कुठंही मारताय,” ती म्हणाली. “आंधळ्यासारखं. भरल्यात मी. कुठं कुठं भरल्यात ते मला माहीत, तुम्हाला काय माहीत?” आणि पाच पावले चालत जाऊन तिने आपल्या हातचे लिंपण दोन घावांत उतरवले. आत भगदाड होते. “ही दुसरी. हिच्यात चार पाट्या गारा गेला. तिसरी त्या खुंटाच्या वर. चौथी तिच्याच खाली.”

अशी तिने सातवीपर्यंत एकेक भेग मोकळी केली. एकही घाव चुकला नाही. बायका नव्या रुमालांत उभ्या होत्या. कालचा सगळा दिवस ढेकळे होऊन खाली पडत होता. एकीने तोंडाला रुमालाचे टोक लावले, आणि सर्सेनबायला तिच्याकडे बघवले नाही.

मुहाय्यो प्रत्येक ठिकाणी हात घालून लिहीत गेली. फॉर्ममध्ये एक रकाना होता, नुकसानीपूर्वीची स्थिती. तिथे तिचे पेन थांबले.

“सुस्थितीत,” शोकिरोव कोरडेपणाने म्हणाले. “अर्ध्या तासापूर्वी मी तसंच लिहून सही केलीय. आता दुसरं लिहिता येत नाही.”

“पण सर, मग याचा अर्थ असा होतो, की यांनी एका फावड्यानं, अर्ध्या तासात, बासष्ट सेंटिमीटर खोल…”

“मला वाचता येतं, मुहाय्यो.” ते सर्सेनबायकडे वळले. आवाज खाली आला होता. “आगा, कळतंय ना तुम्हाला? हे सगळं तुम्ही केलंत असं होईल. सगळं. चौकशी बसेल. किल्ल्याची किल्ली आजच द्यावी लागेल. सत्तावीस वर्षांच्या नोकरीवर डाग. अजूनही एकच भोक दाखवून सोडून देऊ शकतो मी, रागाच्या भरात झालं असं लिहून.”

“आणि मग दुरुस्ती?”

“एका भोकाची.”

“सात लिहा,” सर्सेनबाय म्हणाला. कमरेची जुनी किल्ली त्याने सोडली तेव्हा गाठ लवकर सुटेना, इतकी वर्षे ती तिथे बसली होती. किल्ली त्याने गाडीच्या टपावर ठेवली, जिथे मघाशी मानपत्र लिहिले होते. मग त्याने सही केली. गुन्हेगार : सर्सेनबाय. दोन हजार वर्षांच्या भिंतीत जेवढे मीठ शिरले होते, ते सगळे त्याने आपल्या नावावर लिहून घेतले. त्याला संताप अजून होताच, तो कुठे गेला नव्हता. उलट खरे बोलून जे अकरा वर्षांत झाले नाही ते खोट्या सहीने दोन मिनिटांत होते, याचा त्याला नवाच संताप आला होता.

“साक्षीदार लागतो,” मुहाय्यो म्हणाली. “गावातला. वयानं मोठा.”

सगळ्यांनी बाईमुरात अक्साकालकडे पाहिले. त्याने बोलावलेली इर्जिक पायाशी ढेकळे होऊन पडली होती. पाहुण्यांसमोर गावाची अब्रू भुशासारखी गळाली होती. आणि आता त्याने सही करायची ती एका खोट्यावर, गावातल्याच माणसाला गुन्हेगार ठरवणाऱ्या. त्याने उभ्या जन्मात खोटी साक्ष दिली नव्हती, हे आजूबाजूच्या सात गावांना माहीत होते.

“वाचून दाखव,” तो मुहाय्योला म्हणाला.

तिने वाचले. सात ठिकाणी, फावड्याने, राखणदार सर्सेनबाय याने.

म्हातारा पहिल्या भेगेशी गेला. दाढी सावरून त्याने आत वाकून पाहिले, मूठभर पांढरे पीठ घेतले आणि बोटांतून गळू दिले. मग त्याने त्यातले थोडे जिभेवर ठेवले आणि थुंकला. शेवटी परत आला, पेन घेतले आणि कागद दूर धरून डोळे बारीक केले.

“हे चुकीचं लिहिलंय,” तो म्हणाला.

सर्सेनबाय पुढे सरसावला. “आगा…”

“तू गप बस. तुझं ऐकून घ्यायचा दिवस नाही आज.” म्हातारा मुहाय्योकडे वळला. “सातच कशी लिहिलीस, पोरी? तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला आमच्या माणसांची जात माहीत नाही. हा फार वाईट माणूस आहे. त्या बुरुजामागं आणखी दोन पाडलीत यानं, याहून मोठी. माझा जावई उभाच्या उभा आत जाऊन भरून आला. नऊ लिही.”

मुहाय्योने शोकिरोवांकडे पाहिले. शोकिरोवांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिले.

“लिही नऊ,” ते म्हणाले.

म्हाताऱ्याने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. मग काठी उचलली आणि बुरुजाकडे चालू लागला. चार पावलांवर थांबून त्याने मागे वळून पाहिले.

“उभा काय राहिलायस, सर्सेनबाय? ऊन आहे तोवर फावडं घेऊन ये. तू पाडलेली भोकं अजून पाडायची राहिलीत.”